बुरसलेला दाणा : ना माणसाला, ना जनावराला



या सदरात आपण बियाणे, खते, कीड आणि रोग यांविषयी बोलत असतो. आजचा विषय मात्र माणसाच्या यकृताचा आहे. शेतीखात्याच्या माणसाने डॉक्टरांच्या प्रांतात कशाला शिरावे, असे तुमच्या मनात येईल. पण यकृताच्या एका भयंकर आजाराचे मूळ डॉक्टर मंडळींना शेवटी सापडले ते शेतकऱ्याच्या घरातल्या धान्यात. मका काढताना, भुईमूग वाळवताना आणि धान्य साठवताना जी हयगय होते, तिच्यातून हा आजार जन्म घेतो. तेव्हा तो टाळणे डॉक्टरांपेक्षा आपल्याच हाती जास्त आहे. खरिपाची काढणी आणि परतीचा पाऊस यांची बहुतेक वर्षी गाठ पडते, म्हणून या गोष्टी आधीच ध्यानात ठेवलेल्या बऱ्या.

यकृत काय करते?

बोकडाची कलेजी आपण सर्वांनी पाहिली आहे. तोच अवयव माणसाच्या पोटात उजव्या अंगाला, बरगड्यांच्या आड असतो. मोठ्या माणसाचे यकृत साधारण दीड किलो वजनाचे भरते. आपण खाल्लेले अन्न आतड्यात पचते आणि त्याचा रस रक्तावाटे आधी यकृतात येतो. गावच्या वेशीवर नाका असावा आणि येणारी प्रत्येक गाडी तिथे तपासली जावी, तसे हे काम चालते. चांगले ते साठवायचे, वाईट ते निरुपद्रवी करून बाहेर घालवायचे. पित्त तयार होते तेही इथेच. यकृत बिघडले की पित्तातला पिवळा रंग रक्तात राहतो, डोळे आणि लघवी पिवळी होते. त्यालाच आपण कावीळ म्हणतो. बिघाड वाढला तर पोटात पाणी साठते, म्हणजे जलोदर होतो.

कावीळ हा एकच रोग नाही, हे आधी पक्के समजून घ्या. खेड्यात जी कावीळ दिसते ती बहुतेक वेळा घाण पाण्यातून येणाऱ्या विषाणूंमुळे होते. दारूने यकृत झिजते, हे तर आपण डोळ्यांनी पाहतो. काही विषाणू रक्तातून आणि बाळंतपणात आईकडून मुलाला लागतात. या कारणांविषयी तुम्ही आरोग्य खात्याकडून पुष्कळदा ऐकले असेल. आज सांगायचे आहे ते कमी ऐकलेले कारण, धान्यावरची बुरशी.

१९७४ सालचा मका

आपल्या राज्याच्या उत्तरेला गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा हे जिल्हे आहेत. हा डोंगराळ मुलूख, वस्ती बहुतेक भिल्ल आदिवासींची, आणि रोजचे खाणे मक्याचे. आपल्या सातपुड्यात अक्कलकुवा-धडगावकडे जसे आहे, तसेच तिथेही.

१९७४ साली त्या भागात आधीच टंचाई होती. त्यात मका काढणीला आला असताना अवेळी पाऊस झाला. कणसे भिजली आणि ओलीच घरात आली. साठवायला धड जागा नव्हती. दाण्यावर बुरशी चढली. पण घरात दुसरे धान्यच नव्हते, म्हणून माणसांनी तोच मका दळून खाल्ला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भुकेपुढे कोणाचे चालते?

त्या वर्षाच्या अखेरीस गावोगाव कावीळ सुरू झाली. डोळे पिवळे होत, काही दिवसांतच पोट पाण्याने फुगे आणि माणूस हातचा जाई. नोंद झालेल्या ३९७ रोग्यांपैकी १०६ दगावले. म्हणजे चारातला एक माणूस गेला. नेहमीच्या पाण्याच्या काविळीत इतकी माणसे मरत नाहीत, आणि पोटात इतक्या झपाट्याने पाणीही साठत नाही.

मूळ कसे सापडले?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. कृष्णमाचारी, डॉ. रमेश भट आणि त्यांचे सहकारी यांनी या साथीचा शोध घेतला. त्यांच्या कामाची पद्धत आपणही शिकून घ्यावी अशी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, माणसांबरोबर गावची कुत्रीही त्याच आजाराने मरत होती. माणसाची विषाणूची कावीळ कुत्र्याला अशी लागत नाही. मग माणूस आणि कुत्रा या दोघांत समान काय होते? दोघांच्या पोटात जाणारी भाकरी! घरची शिळी भाकरी कुत्र्याला पडते, हे कोणाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट, आजार गावभर सारखा पसरला नव्हता. बुरसलेला मका खाणाऱ्या घरांशी त्याचा संबंध जुळत होता. तेव्हा त्यांनी त्या घरांतले मक्याचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासले. दाण्यावर ‘अॅस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची बुरशी होती आणि तिने तयार केलेले ‘अफ्लाटॉक्सिन’ नावाचे विष दाण्यात उतरले होते. एका किलो मक्यात सुमारे ६ ते १५ मिलिग्रॅम विष निघाले.

आता हिशेब करा. माणूस दिवसाला साडेतीनशे ते चारशे ग्रॅम मका खातो असे धरले, तर रोज २ ते ६ मिलिग्रॅम विष पोटात गेले. असे महिनाभर चालले. महिन्याचे सगळे विष एकत्र केले तरी ते चिमूटभर मिठाएवढेही भरणार नाही. तेवढ्याने शंभरावर माणसे गेली. आज आपल्या देशात धान्यासाठी जी कायद्याची मर्यादा आहे, ती एका किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे अख्ख्या एका टनाला १५ मिलिग्रॅम. त्यातल्या सर्वांत वाईट मक्यात एका टनाचे विष एका किलोत भरले होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. पुढच्या वर्षी, १९७५ साली, याच घरांतले धान्य पुन्हा तपासले. त्या वेळी विषाचे प्रमाण किलोला एक दशांश मिलिग्रॅमच्याही खाली होते. घर तेच, माणसे तीच, पीकही तेच. फरक होता तो दाण्याचा. हे संशोधन १९७५ साली विलायतेतल्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्याची दखल घेतली.

या विषाची ओळख पटली कोंबड-खान्यात

हे विष शास्त्रज्ञांना माहीत होते म्हणून ते इतक्या लवकर सापडले. त्याची ओळख त्याआधी चौदा वर्षांपूर्वी झाली होती, आणि ती पक्ष्यांमुळे. १९६० साली इंग्लंडात टर्की नावाचे, कोंबडीच्याच जातीचे पण मोठे पक्षी पटापट मरू लागले. काही महिन्यांत एक लाखावर पक्षी गेले. रोग कळेना म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव पडले. आधी सर्वांना वाटले की विषाणू असेल. पण या पक्ष्यांना घातलेल्या खाद्यात ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड होती, आणि ज्याला ती पेंड घालावी तो पक्षी मरे. पेंडीत ही बुरशी सापडली. ‘अॅस्परजिलस’मधला ‘अ’, ‘फ्लेव्हस’मधला ‘फ्ला’ आणि विष या अर्थाचा ‘टॉक्सिन’ हे शब्द जोडून अफ्लाटॉक्सिन हे नाव तयार झाले.

म्हणजे मका आणि भुईमूग ही या विषाची दोन मोठी घरे, आणि दोन्ही पिके आपल्या शिवारात आहेत. सरकी, मिरची, सुके खोबरे यांवरही ही बुरशी येते.

जे वाचले त्यांचे काय झाले?

आजाराचे कारण शोधून डॉक्टरांचे काम संपत नाही. रोगी पुढे कसा राहतो, हेही ते पाहतात. पंचमहाल-बांसवाड्यात जी माणसे वाचली, त्यांची दहा वर्षांनंतरची पाहणी झाली तेव्हा ती पूर्ण बरी झालेली आढळली. यकृताचा हा मोठा गुण आहे. विषाचा मारा थांबला आणि फार नुकसान झालेले नसले, तर ते स्वतःला पुन्हा उभे करते. पेरू छाटला की त्याला नवी फूट येते, तसेच म्हणा ना.

पण मारा थांबला पाहिजे. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे जात राहिले तर गोष्ट वेगळी होते. त्याने कावीळ होत नाही, पोट दुखत नाही, माणसाला काही कळतही नाही. हे विष नाक्यावर, म्हणजे यकृतात, आले की यकृत त्याला बाहेर घालवण्यासाठी त्याचे रूप बदलू लागते. त्या खटपटीत त्याचे एक अधिक जहाल रूप तयार होते आणि ते पेशीच्या गाभ्यातल्या मूळ बियाण्यालाच चिकटते. बियाण्यात खोट आली की पुढचे पीक खोटे निघते. तशी एखादी पेशी बहकते आणि वीस-तीस वर्षांनी यकृताचा कर्करोग उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे.

दोन चोरांची भागीदारी

चीनमधल्या शांघाय शहरात १९८६ ते १९८९ या काळात १८ हजारांहून अधिक पुरुषांच्या लघवीचे आणि रक्ताचे नमुने घेऊन ठेवले आणि त्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवली. पुढे ज्यांना यकृताचा कर्करोग झाला, त्यांचे जुने नमुने काढून तपासले. निकाल असा निघाला : ज्याच्या अंगात फक्त अफ्लाटॉक्सिनच्या खुणा होत्या, त्याला धोका सुमारे साडेतीन पट. ज्याला फक्त ‘हेपॅटायटिस बी’ या विषाणूची लागण होती, त्याला सुमारे सात पट. आणि ज्याच्या अंगात दोन्ही होते, त्याला सुमारे ६० पट! एकेकट्या चोराने लुटले असते त्याच्या कितीतरी पट दोघांनी मिळून लुटले.

यातून दोन कामे निघतात. विषाणूचा बंदोबस्त लसीने होतो. हेपॅटायटिस बीची लस आपल्या सरकारी लसीकरणात २०११ सालापासून देशभर आहे. पहिली मात्रा बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायची असते आणि पुढच्या मात्रा सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना इतर लसींबरोबर मिळतात. घरात सून बाळंत झाली की आजीबाईंनी आधी विचारावे, “पहिल्या दिवसाची लस टोचली का?” घुटी कोणती, टोपडे कोणते, हे नंतर.

दुसरे काम, म्हणजे दाण्याचा बंदोबस्त, हे आपले. त्याने खरेच फरक पडतो का? चीनमध्येच यांगत्से नदीच्या मुखाशी किडोंग नावाचा भाग आहे. तिथे यकृताचा कर्करोग फार होता आणि लोकांचे मुख्य खाणे मका होते. १९८० नंतर तिथली शेतीची व्यवस्था बदलली आणि लोक मका सोडून तांदूळ खाऊ लागले. साठवलेल्या जुन्या रक्ताच्या नमुन्यांतून दिसते की, १९८९ साली लोकांच्या रक्तात अफ्लाटॉक्सिनच्या खुणा भरपूर होत्या आणि २०१२ साली त्या जवळजवळ सापडेनाशा झाल्या. त्याच काळात पस्तिशीच्या आतल्या लोकांत यकृताच्या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. जन्मतः लस मिळालेली पिढी तेव्हा अजून लहान होती. तेव्हा हा गुण मुख्यतः बदललेल्या अन्नाचा मानला जातो.

याचा अर्थ मका सोडा असा मुळीच नाही. मका चांगले धान्य आहे. सोडायचा तो बुरसलेला मका.

हे जुने झाले असे समजू नका

२००४ साली आफ्रिकेतल्या केनिया देशात हीच साथ पुन्हा आली. ३१७ माणसे आजारी पडली, १२५ गेली. तिथेही कारण घरचा मका हेच होते. आजारी घरे आणि धडधाकट घरे यांची तुलना केली तेव्हा दिसले की, आजारी पडलेल्या लोकांनी ओला मका राहत्या घरातच रचून ठेवला होता. टंचाईचे साल, चोरीची धास्ती, घराबाहेर धान्य ठेवायची भीती. ही परिस्थिती आपल्याला अनोळखी आहे का?

घरोघरचा हिशेब

आता थोडे कडू बोलतो. आपल्याकडे भुईमूग फोडला की टपोरे दाणे बाजारात जातात. चिंबलेले, सुरकुतलेले, डाग पडलेले दाणे घरी राहतात, “चटणीला चालतील” म्हणून. चांगला मका व्यापाऱ्याला, भिजलेला मका कोंबड्यांना. काळपट धान्य सालगड्याच्या किंवा मजुराच्या पदरात. एक दाणाही वाया घालवू नये ही आपल्या आई-आजीची शिकवण, आणि ती मोलाची आहे. अन्नाला पाय लावू नये असे मानणारी आपण माणसे. पण शेंगदाण्याच्या ढिगात विष सर्वत्र सारखे पसरलेले नसते. बहुतेक विष थोड्या दाण्यांत, आणि तेही सुरकुतलेल्या, रंग बदललेल्या, फुटक्या दाण्यांत गोळा झालेले असते. म्हणजे निवडून बाजूला काढलेले जे आपण घरच्या चटणीत घालतो, तेच सर्वांत वाईट. शेंगा पिकवल्या आपण, आणि विषाचा वाटा आपल्याच पोरांच्या ताटात!

मजुराच्या पोराचे यकृत काही वेगळे नसते, हेही इथेच सांगून ठेवतो. आपण जे खाणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

“साहेब, भाकरी तव्यावर भाजली की बुरशी मरते ना?”
बुरशी मरते, पण तिने आधीच सोडलेले विष मरत नाही. भाजणे, उकडणे, तळणे यांनी ते थोडेफार कमी होईल, नाहीसे होणार नाही. तव्याच्या आणि कुकरच्या आचेला ते दाद देत नाही.

“धुऊन, पुसून, उन्हात टाकले तर?”
वरची भुकटी जाईल. दाण्याच्या आत उतरलेले विष तिथेच राहील. पुन्हा वाळवल्याने पुढची बुरशी थांबते, मागचे विष जात नाही.

“सगळीच बुरशी विषारी असते का?”
नाही. ही बुरशी बहुधा पिवळसर-हिरवट भुकटीसारखी दिसते. पण डोळ्याने खात्री होत नाही, आणि बुरशी दिसत नसतानाही दाण्यात विष असू शकते. म्हणून नियम सोपा ठेवा. कुबट वास, ढेपाळलेला दाणा, बदललेला रंग, कडवट चव यांपैकी काहीही आढळले तर तो दाणा नको.

“मग गुरांना घातला तर?”
तोही नको. कोंबड्या आणि बदके याला फार लवकर बळी पडतात. गाई-म्हशी टिकाव धरतात, पण त्यांच्या पोटात गेलेल्या विषाचा काही भाग बदललेल्या रूपात दुधात उतरतो. एका दिवसाच्या आत तो दुधात दिसू लागतो आणि वाईट पेंड बंद केल्यावर तीन-चार दिवसांत जातो. दुधासाठी कायद्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम, धान्यापेक्षाही कडक, कारण दूध पिणार लहान मूल.

“आणि घाण्याचे तेल?”
शेंगदाणा गाळला की बहुतेक विष पेंडीत राहते, थोडे तेलात येते. तेव्हा घाण्यावर नेण्याआधी दाणा निवडूनच न्या. चांगल्या दाण्याचे घाण्याचे तेल बिनधास्त खा.

आता आपले काम

शेतात : भुईमुगाच्या शेंगा पोसताना पाण्याचा ताण पडला की जमिनीतच बुरशी आत शिरते. पाणी असेल तर त्या वेळी एक पाळी चुकवू नका. फुलोऱ्यात हेक्टरी ४०० ते ५०० किलो जिप्सम दिल्याने शेंगेचे टरफल बळकट होते. हुमणी आणि वाळवी यांचा बंदोबस्त करा, कारण भोक पडलेली शेंग म्हणजे बुरशीला उघडे दार. मक्यातही कणसाला अळीने पोखरले की तेच होते.

काढणीला : पीक तयार झाले की शेतात लोळत ठेवू नका. भुईमुगाचे वेल उपटल्यावर शेंगा वर आणि पाला खाली असे उलटे टाकून सुकवा. खुरप्याने कापलेल्या, फुटलेल्या, किडलेल्या शेंगा तिथेच वेगळ्या काढा. पाऊस येण्याचे चिन्ह दिसताच ताडपत्री टाका, पण ऊन पडताच ती काढा. झाकलेल्या ओल्या ढिगात वाफ कोंडते, आणि बुरशीला हवी असते ती हीच ऊब.

वाळवताना : मातीवर वाळवू नका. ताडपत्री, सारवलेले कोरडे खळे किंवा सिमेंटचा ओटा वापरा. थर पातळ ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा हलवा. मक्यात ओल शंभराला १२ पर्यंत आणि शेंगांत ८-९ पर्यंत खाली आली पाहिजे. शेंग कानाशी हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे. मक्याचा दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, चिंबता कामा नये.

घरगुती परीक्षा : एक कोरडी काचेची बाटली घ्या. तिसरा हिस्सा धान्य भरा, वर दोन-तीन चमचे चांगले कोरडे केलेले मीठ टाका, बूच लावून मिनिटभर हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर धान्यात ओल अजून पुष्कळ आहे, पुन्हा उन्हात टाका. मीठ मोकळे राहिले तर धान्य बरेचसे सुकले आहे, तरी दाताची परीक्षा करून आणखी एक ऊन द्या.

साठवताना : पोती थेट जमिनीवर ठेवू नका. खाली लाकडी फळ्या घाला आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडा. गळक्या पत्र्याखाली, न्हाणीच्या भिंतीला लागून धान्य नको. पेव ओल धरत असेल तर त्याचा मोह सोडा. पत्र्याची कोठी किंवा हवाबंद पिशवी उत्तम, पण पूर्ण वाळलेल्या धान्यासाठीच. ओले धान्य हवाबंद केले तर ते आतल्या आत खराब होते. सोंडकिडे लागले की धान्य तापते आणि ओल धरते, म्हणून महिन्यातून एकदा हात घालून पाहा. आत ऊब लागली तर समजा, काहीतरी बिघडले आहे.

शेंगा फोडताना : दाणा फुटू नये म्हणून शेंगांवर पाणी शिंपडायची पद्धत आहे. ती सोडा. वजन वाढावे म्हणून पाणी मारणे तर त्याहून वाईट. वाळवण्याचे सगळे कष्ट त्या एका तांब्याने वाया जातात.

निवडताना : सूप आणि चाळण ही आपल्या आयाबहिणींची शस्त्रे. सुरकुतलेला, काळपट, हिरवट, फुटका दाणा वेगळा काढा आणि तो खोल पुरा किंवा जाळा. घरात चटणीला नको, कोंबडीला नको, बाजारात तर नकोच.

आणि घरात दुसरे धान्यच नसेल तर? १९७४ सालचा खरा प्रश्न हाच होता, आणि त्याला नुसता उपदेश हे उत्तर नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली पात्र कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. ज्याचे कार्ड नाही, ज्याचे नाव कटले आहे, त्याच्यासाठी गावच्या शिकल्या-सवरल्या पोरांनी तहसील कचेरीत एक खेप घालावी. पीक भिजलेल्या साली हे काम आधी.

गावात कावीळ दिसली तर

एक-दोन घरांत एकदम अनेकांना कावीळ झाली, पोट फुगू लागले, त्याच वेळी कुत्री किंवा कोंबड्या मरू लागल्या, तर वेळ दवडू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा आशाताईंना कळवा. काविळीची माळ घालायची, हात धुऊन कावीळ उतरवायची, यात दिवस गेले तर रोगी जातो. ज्याची ज्यावर श्रद्धा असेल ती असो, पण आधी दवाखाना. खात असलेले धान्य ताबडतोब बंद करा, मात्र सगळे फेकू नका. शेर-दोन शेर कागदी किंवा कापडी पिशवीत बांधून, वर नाव-तारीख लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. पंचमहालात मूळ सापडले ते अशाच मूठ-मूठ दाण्यांतून.

डॉक्टर औषध देतील, शास्त्रज्ञ विष मोजतील, सरकार लस टोचेल. पण दाणा वाळवायचा तो आपणच. यंदा काढणीच्या वेळी दोन उन्हे जास्त द्या, आणि घरच्या ताटात जाणारा दाणा बाजारात नेणाऱ्या दाण्याइतकाच निवडून घ्या.

पुन्हा भेटूच. तोवर रामराम.